वाघोबांचा गेमचा डबा आणि सरडे मास्तरांचा सोपा उपाय

एका जंगलात, मुलांनो, एक वाघ होता आणि त्याच्याकडे गेमचा डबा होता. डब्याला वीज कुठून मिळायची, असं विचारू नका. तुमच्या गावात नसली तरी गोष्टीत वीज असते. मागच्या रांगेने चुळबुळ थांबवावी, म्हणजे मला पुढे जाता येईल.

डबा टेकडीपलीकडच्या हत्तीदादांच्या दुकानातून आला होता. सोबत मोठा पडदा होता आणि एकच गेम होता. गेममध्ये एक वाघ हरणांच्या मागे धावायचा. बटण दाबलं की वाघ झेप घ्यायचा, हरीण पडायचं, आणि तीन सेकंदांनी उठून पुन्हा चरायला लागायचं.

वाघोबा महाराजांना हा गेम इतका आवडला, की त्यांनी खऱ्या हरणांकडे बघणंच सोडलं. सकाळी बसायचे ते दिवस मावळेपर्यंत उठायचे नाहीत. भूक लागली की पाणमांजरांनी आणून दिलेले मासे खायचे. माशांचं यावर काय मत होतं, ते कुणी विचारलं नाही.

चितळांच्या कळपाला मात्र सुखाचे दिवस आले. सहा महिन्यांत एकही चितळ कमी झालं नाही. कळपात सगळ्यांत थोरली होती गोदाक्का. तिच्या दोन बहिणी आणि एक मुलगी महाराजांच्या पोटात गेली होती. त्यामुळे त्या डब्यावर तिचा फार जीव. डब्यावरची धूळ ती रोज आपल्या शेपटीने पुसायची, आणि दुसऱ्या कुणाला पुसू द्यायची नाही.

एके सकाळी महाराजांनी पडद्यावरून मान वर केली.

"गोदाक्का, गेम संपला."

"संपला म्हणजे, महाराज?"

"सगळ्या पातळ्या झाल्या. पडद्यावर फुलं पडली, अभिनंदन आलं, आणि आता काहीच होत नाही." महाराजांनी जांभई दिली. जांभई मोठी होती आणि आतले सगळे दात जागच्या जागी होते. "तू अलीकडे जरा भरली आहेस, नाही का?"

गोदाक्का तिथून चालत निघाली आणि वळण आल्यावर पळत सुटली. तिने हत्तीदादांना फोन लावला. या जंगलात सगळ्यांकडे फोन होते, खूर असो की पंख. हत्तीदादा म्हणाले, नवा गेम आठ दिवसांनी मिळेल, नाव लिहून ठेवतो. आता आठ दिवस रिकामा बसलेला वाघ म्हणजे काय, हे गोदाक्काला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

म्हणून तिने नाकाने फोनवर शोधायला सुरुवात केली. तिला एक व्हिडिओ सापडला. नाव होतं, ‘पंधरा मिनिटांत डबा मोकळा करा, सगळे गेम आपोआप चालू.’ सांगणारे होते सरडे मास्तर. मास्तर एका तापलेल्या दगडावर बसले होते. सरड्यांची मान सारखी वरखाली होते, हे तुम्ही कुंपणावर पाहिलंच असेल. त्यामुळे मास्तर जे काही बोलत, त्याला त्यांची स्वतःचीच संमती आहे असं वाटायचं.

"डबा उघडा," मास्तर म्हणाले. "आत हिरवी पाटी दिसेल. तिच्यावर दोन ठिपके असतील. ते बाभळीच्या काट्याने जोडा. पाच मिनिटं उन्हात ठेवा. झालं काम."

खाली चारशे बारा प्रतिक्रिया होत्या. एकाने लिहिलं होतं, "झालं." दुसऱ्याने लिहिलं होतं, "माझंही झालं." तिसरा म्हणत होता, "मास्तर, तुमच्यामुळे आमच्या आजीचंही झालं."

इथे तुम्हाला चितळांची एक रीत सांगितली पाहिजे. कळपात पुढच्याने शेपटी वर केली की मागच्याने पळायचं. कशासाठी, ते पळून झाल्यावर विचारायचं. तेव्हाही कुणी विचारत नाही, कारण तोवर नवीन ठिकाणी बरं गवत दिसलेलं असतं. या रीतीने चितळं हजारो वर्षं जगली आहेत, तेव्हा हसू नका. पहिल्या बाकावरच्याने वही मिटली की तुम्ही काय करता, ते मला ठाऊक आहे.

तर गोदाक्काला त्या चारशे बारा प्रतिक्रिया दिसल्याच नाहीत. तिला चारशे बारा शेपट्या वर झालेल्या दिसल्या. सगळ्यांत शेवटी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत एक ओळ होती, ‘हा उपाय स्वतःच्या जबाबदारीवर करावा.’ तीही तिने वाचली. मास्तर किती काळजीने लिहितात, असं तिला वाटलं.

खुरांनी स्क्रू निघत नाहीत. म्हणून तिने धोंडू वानराला बोलावलं. चितळांचा आणि वानरांचा जुना घरोबा आहे. वानरं वरून पाला आणि फळं टाकतात, चितळं खाली उभी राहून खातात.

धोंडूने व्हिडिओ पाहिला आणि डोकं खाजवलं. "अक्का, यातल्या एकाला तरी विचारलंस का, डबा अजून चालतो का म्हणून?"

"कळपात असं मागे वळून कुणी विचारतं का रे?"

"मी कळपात नाही, म्हणून विचारतो."

"धोंडू, महाराज मला भरली आहेस म्हणाले. मला तुझे हात हवेत."

धोंडूने आपल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाला, "देतो. पण माझे फक्त हात. डोकं तुझं." आणि हे वाक्य त्याने आजूबाजूच्या सहा चितळांसमोर तीनदा म्हणून घेतलं.

डब्याच्या बुडाला एक स्टिकर होतं. त्यावर लिहिलं होतं, ‘हे फाडल्यास हत्तीदादा जबाबदार नाहीत.’ धोंडूने ते दाताने फाडलं. आत खरोखरच हिरवी पाटी होती. कळपात कौतुकाची कुजबुज झाली.

"अक्का, इथे अकरा ठिपके आहेत."

"मास्तर दोन म्हणालेत."

"कोणते दोन?"

त्यांनी व्हिडिओ तीनदा पाहिला. ठिपके दाखवायची वेळ आली की नेमकी मास्तरांची मान मध्ये यायची. शेवटी दिसायला बरे असे दोन ठिपके धोंडूने निवडले आणि काटा बसवला. डबा पाच मिनिटं उन्हात ठेवला. गोदाक्काने डोळे मिटून नाकाने बटण दाबलं.

डब्यातून ‘टुं’ असा आवाज आला. मग लाल दिवा लागला. मग वांगं भाजल्याचा वास आला. त्यानंतर काहीच आलं नाही.

सहा चितळांनी गवत बघायला सुरुवात केली. धोंडू झाडावर चढला. गोदाक्का त्याला खालून हळूच म्हणाली, "जा, तो तापलेला दगड तळ्याकाठचाच आहे, त्या मास्तरांना घेऊन ये. काहीतरी उलटा उपाय असेलच त्यांच्याकडे." धोंडू फांद्यांवरून निघाला आणि तेवढ्यात दुपारची झोप आटपून महाराज आले.

"नवा गेम आला?"

"येतोय, महाराज. अपडेट चाललंय."

महाराज बसले. शेपटीने माशी हाकली. "किती झालं?"

"ऐंशी टक्के, महाराज."

थोडा वेळ गेला. महाराजांचं पोट गुरगुरलं. "आता किती?"

"त्र्याहत्तर."

"मघाशी ऐंशी होतं ना?"

"मोठं अपडेट आहे, महाराज. आधी मागे जातं, मग पुढे येतं."

महाराजांना ते पटलं. मोठी झेप घेण्याआधी तेही थोडे मागे सरकायचे. पण अपडेट एकोणचाळीस टक्क्यांवर आलं तेव्हा त्यांच्या मिशा हलू लागल्या. आकडे संपत आले होते.

नेमका त्याच वेळी धोंडू परत आला. त्याने मूठ उघडली आणि सरडे मास्तरांना एका दगडावर ठेवलं. मास्तर प्रत्यक्षात वीतभर होते.

"मास्तर," गोदाक्का म्हणाली, "डबा बंद पडला. तुमच्या डब्याला असं झालं होतं तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"माझा डबा? मी एवढासा जीव, मला डबा घेऊन करायचं काय?"

"मग व्हिडिओत होता तो?"

"ते पत्र्याचं झाकण होतं. म्हणून तर मान मध्ये घालत होतो."

"आणि हे चारशे बारा जण?"

"पहिला मी. बाकीचे तुमच्यातलेच."

धोंडूने त्या चारशे बारांपैकी एकाला तिथल्या तिथे फोन लावला. दूरच्या जंगलातलं चितळ होतं. ते म्हणालं, "आमच्याकडे डबा नाही हो. पुढच्याने ‘झालं’ लिहिलं होतं, म्हणून मीही लिहिलं. का, काय झालं?"

आता महाराज उभे राहिले. "म्हणजे अपडेट वगैरे काही नाही. डबा मेला. कुणी मारला?"

"मी स्पष्ट लिहिलं होतं, स्वतःच्या जबाबदारीवर," मास्तर म्हणाले.

"माझे फक्त हात होते," धोंडू म्हणाला. "साक्षीदार आहेत." साक्षीदार गवत बघत होते.

"आम्ही अक्काच्या मागे होतो," कळप म्हणाला.

गोदाक्का पुढे आली. तिच्यापुढेही नाव घ्यायला चारशे बारा जण होते. पण तिने कुणाचं नाव घेतलं नाही.

"मी मारला, महाराज. मास्तर बोलले, पण ऐकलं मी. धोंडूने काटा लावला, पण लाव म्हटलं मी. आठ दिवस थांबायला हवं होतं. मी घाबरले होते."

मुलांनो, वाघासमोर एवढं सरळ बोलायला मोठं काळीज लागतं. मला ते मुख्याध्यापकांसमोरही जमलं नव्हतं.

महाराजांनी मिशांवरून पंजा फिरवला. "इतक्या जणांत एकीने तरी सांगितलं. मला बरं वाटलं," ते म्हणाले. "म्हणून मी दहा मोजतो. पळ."

आणि त्यांनी खरोखर मोजले. मधला सातसुद्धा गाळला नाही. गोदाक्का पळाली, तिची शेपटी वर झाली, म्हणून अख्खा कळप पळाला. दहा झाल्यावर महाराजांनी झेप घेतली. पहिली पाच पावलं झकास पडली. आठव्या पावलाला धाप लागली. बाराव्या पावलाला महाराज मटकन खाली बसले. सहा महिने पडद्यासमोर बसून त्यांचं पोट जमिनीला टेकायला आलं होतं.

कळपाने जन्मात पहिल्यांदा मागे वळून पाहिलं. वाघ एका पळसाखाली जीभ काढून पडला होता. चितळं आनंदाने उड्या मारू लागली. गोदाक्का मात्र रडली. आपल्या मुलीच्या वेळी हा वाघ असा का नव्हता, एवढंच तिच्या मनात आलं.

"मला काय झालंय?" महाराज धापा टाकत म्हणाले.

जवळच्या दगडावर सरडे मास्तर जोर काढत होते. पुढच्या पायांवर वर, खाली, वर, खाली. सरड्यांची ही जन्मजात खोड आहे. भीतीने असो की ऐटीत, काही सुचलं नाही की ते जोर काढतात.

"हे काय करतोस?" महाराजांनी विचारलं.

"जोर, महाराज. रोज दोनशे काढतो."

"त्याने काय होतं?"

"दम वाढतो. पोट जातं. माझ्या वयाचे बाकीचे सरडे बिळातून बाहेर पडत नाहीत. मी भर उन्हात भिंत चढतो."

या वेळी मास्तरांची मान मध्ये आली नाही. खाली बारीक अक्षरांत काही लिहिलेलंही नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच मास्तर स्वतःला येत असलेली गोष्ट सांगत होते.

दुसऱ्या दिवसापासून महाराजांनी जोर सुरू केले. पहिल्या दिवशी तीन. चौथ्या दिवशी साठ. पळण्याची पावलं बाराची चाळीस झाली, चाळीसची शंभर झाली. पाणमांजरं पूर्वीप्रमाणेच मासे आणत होती, आणि महाराज पूर्वीपेक्षा कमी खात होते. मास्तरांनी रोजचा व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. कळप तळ्याकाठी उभा राहून मोठ्याने आकडे मोजायचा. "महाराज किती छान दिसायला लागलेत," असं चितळं एकमेकांना सांगायची, आणि एकाने म्हटलं की सगळीच म्हणायची.

गोदाक्का तिथे नव्हती. ती जळका डबा पाठीवर बांधून टेकडीपलीकडे गेली होती. हत्तीदादांनी डबा उलटा केला.

"स्टिकर कुणी फाडलं?"

"आम्हीच."

"सांगितलंत हे बरं केलंत. सगळे म्हणतात आपोआप फाटलं." हत्तीदादांनी सोंडेने डबा हुंगला आणि मान हलवली. "पण हा आता दुरुस्त होत नाही. नवा बनवायला पंधरा दिवस लागतील."

गोदाक्का पंधरा दिवसांचा आकडा घेऊन आठव्या दिवशी सकाळी परतली. महाराज तळ्याला पूर्ण फेरी मारून नुकतेच थांबले होते. त्यांना धाप लागली नव्हती. कळप टाळ्या वाजवल्यासारखे खूर आपटत होता.

"ये, गोदाक्का," महाराज अगदी आदराने म्हणाले. "तुझी फार वाट पाहत होतो. तू खरं बोलणारी, म्हणून तुलाच विचारतो. उद्या सकाळी माझ्यापुढे पळशील का? मास्तर म्हणतात, समोर कुणीतरी असलं की वेग वाढतो."

गोदाक्काने महाराजांच्या पोटाकडे पाहिलं. पोट राहिलंच नव्हतं.

"किती लांब पळू, महाराज?"

"जमेल तेवढं," महाराज प्रेमाने म्हणाले.

तात्पर्य : फोनवरचा चुकीचा सल्ला ऐकला, तर फार फार तर एक डबा जळतो. सांभाळून राहावं ते बरोबर सल्ल्यापासून, कारण तो आपल्याआधी वाघ ऐकतो.