लटारूमामांचा दुसरा रुसवा

आदेशच्या नावावर तीन माहितीपट होते आणि तिन्ही अर्धवट. दंडारीच्या खेळाच्या वेळी ऐन रंगात बॅटरी संपली, शंकरपटाच्या शर्यतीत तो स्वतःच बैलांच्या वाटेत आला, आणि दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेच्या चित्रणात पहिल्यापासून शेवटपर्यंत एका अनोळखी काकांची पाठ तेवढी स्वच्छ आली. चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये त्यानं 'लोकसंस्कृती' हा शब्द काढला की त्याची बायको पुनम कोपऱ्यातल्या ट्रायपॉडकडे बघायची. या खेपेला तर तिनं निघतानाच बजावलं, "हा पिच्चर पुरा नाई झाला, तं त्या तीन टांगांच्या घोड्यावर मी कपडे वाळू घालीन."

चौथा विषय होता झाडीपट्टीतलं जुन्या पद्धतीचं लग्न. पण खरी लग्नं आता वडशाच्या हॉलमध्ये डीजेवर लागतात, त्यामुळे लग्न मुद्दाम लावणं आलं. नवरी व्हायला मात्र एकही पोरगी मिळेना. "खोट्या लग्नाची हळद कोनी लावून घेते काय?" असं म्हणून आयांनी दारं लावून घेतली. शेवटी सिंदेवाहीजवळच्या गावात राहणारे आदेशचे सख्खे मामा-मामी, लटारू आणि मनकर्णा, पुन्हा बोहल्यावर चढायला तयार झाले. मनकर्णामामीचे वडील हयात नव्हते, म्हणून वधूपित्याच्या जागी तिचा धाकटा भाऊ कोलू आला.

कॅमेऱ्यावर चंद्रपूरचा जिशान होता. त्याची सारी हयात लग्नांच्या शूटिंगमध्ये गेलेली, त्यामुळे माणूस दिसला की त्याच्या तोंडून आपोआप निघायचं, "इकडे बघा, स्माइल!" दुसऱ्या दिवशी त्याची बल्लारपूरची ऑर्डर होती. म्हणजे सगळं काम उजेड आहे तोवर उरकायला हवं होतं.

जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव पडला, हळद लागली, डफडं वाजलं, शिंदीच्या पानांचं बाशिंग बांधून मामांनी माळ घातली. गावजेवणासाठी लाखोळीच्या डाळीचे वडे तळणं चालू होतं. आदेश भलताच खुशीत होता.

"आता रुसवा घेऊ," तो म्हणाला. "मामा, तुम्ही रुसायचं. कोलूभाऊ विचारतील काय पाहिजे, तुम्ही म्हणायचं घड्याळ. ते देतील, तुम्ही जेवायचं. की पंगत सुरू."

मामा रुसले. त्यांनी ताट सारलं, मांडवाच्या खांबाला पाठ टेकली आणि डोळे वटारले. "काय अभिनय आहे!" आदेश कुजबुजला.

"काय पायजे, जवाई?" कोलूनं विचारलं.

"गोऱ्हा."

"मामा, घड्याळ!"

"घड्याळ तुह्या पिच्चरले. मले गोऱ्हा पायजे. माह्या लग्नात याच्या बापानं लाल गोऱ्हा कबूल केला होता. 'जेवून घ्या, मंडई झाली का पाठोतो,' म्हने. मंडया किती झाल्या, मोजा आता."

कोलूचा चेहरा उतरला. "बाबा गेले ना जी. गोऱ्हाबी मरून जमाना झाला."

"गोऱ्हा मेला, सबद नाई मेला. त्याच गोऱ्ह्याच्या मायच्या वंशातला पवन्या तुह्या गोठ्यात हाये."

पवन्या हा कोलूचा शंकरपटात धावणारा बैल. कोलू त्याला स्वतःच्या हातानं सरकी चारायचा, आणि घरात इतर कोणाशी बोलला नसेल इतकं त्याच्याशी बोलायचा. "पवन्याचं नाव नोका काढू," तो गरजला.

"मंग मी जेवत नाई."

नवरदेव जेवत नाही म्हणजे पंगत बसत नाही. पाहुणे ताटकळले. मनकर्णामामीनं मुंडावळ्या सावरत विचारलं, "आदेश, मी जेवून घेऊ काय? सकाळपासून उपाशी हाओ."

"मामी, नवरीनं आधी नाही जेवायचं. परंपरा आहे ना."

"तवाबी असंच झालं होतं," ती म्हणाली. "यायचा रुसवा निघेवरी माह्या ताटातला भात गोटा झाला होता." पण ते ऐकायला आदेश जागेवर होता कुठे? तो मामांसमोर आपल्या मोटारसायकलची किल्ली नाचवत होता. "मामा, ही घ्या, गाडी दिली तुम्हाला. उठा!"

"तू कोन देनारा? तू माहा भाचा, आमच्याकडचा. रुसवा तिकडच्यायनं काढा लागते."

यावर वराकडची मंडळी "बराबर हाये!" म्हणून ओरडली. वधूकडच्यांनी बैल मागणाऱ्या जावयाचं खानदान काढलं. सकाळपर्यंत दोन्हीकडचे लोक आदेशनं नुसते गर्दी दिसावी म्हणून वाटून दिले होते. आता ते हाडाचे सोयरे झाले. मामीनं पुन्हा भूक लागल्याचं सांगितलं. पुन्हा आदेश म्हणाला, "जरा थांबा."

तेवढ्यात कोलूनं फेटा काढून आपटला. "मीबी रुसलो!" म्हणत तो समोरच्या खांबाला टेकून बसला. वधूपित्याचा रुसवा कसा काढतात, हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं.

सूर्य झाडामागे गेला. जिशाननं कॅमेरा ट्रायपॉडवर तसाच सोडला आणि हात झटकले. "आदेशभाई, एक रूठा तो ठीक. दो दो रूठे, मेरे बस का नाई."

चौथाही गेला. आदेश डोकं धरून ओट्यावर बसला. त्याला अगदी रडू आलं.

बऱ्याच वेळानं त्याला जाणवलं की मांडवात फार शांतता आहे. त्यानं वर पाहिलं. मनकर्णामामी मधोमध पाटावर बसली होती. मुंडावळ्या तिनं कानामागे खोचल्या होत्या आणि ती वडे खात होती. भाजीत बुडवून, डोळे मिटून, सावकाश. तिचं पाहून बायका बसल्या, मग दोन्हीकडचे सोयरे बसले. कॅमेऱ्याचा लाल दिवा तिच्यासमोर जळत होता.

वड्यांच्या वासानं लटारूमामांनी मान वळवली. डेगचीचा तळ दिसत होता. "मले वाढा," ते म्हणाले. "निंगाला माहा रुसवा."

"माहाबी," कोलू घाईनं म्हणाला.

मामीनं दोघांना शेजारी बसवलं आणि दुपारपासून उघडा पडलेला भात वाढला. गार आणि कडक.

"वडे?" मामांनी विचारलं.

"घ्या. मी माह्या लग्नात असाच भात जेवली."

मामांनी तिच्याकडे पाहिलं. "मनकर्णे, मले कधी सांगतलं नाई तं?"

"तुमी गोऱ्ह्याचं बोलत होता."

मामांनी मान खाली घातली आणि भात खाल्ला, शितन्‌शीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. जिशान कॅमेऱ्यामागे धावला आणि सवयीनं म्हणाला, "मामा, इकडे बघा, स्माइल!" घास तोंडात धरून मामा हसले.

माहितीपट पूर्ण झाला. पुनमनं तो दोनदा पाहिला आणि ट्रायपॉडवरचे कपडे उतरवले. तिनं ते आधीच वाळत घातले होते. आदेशनं समाधानानं आंघोळ केली, भांग पाडला आणि तो जेवायला आला.

पुनमचं जेवण अर्धं झालं होतं.