व्याह्यांच्या आंघोळीचं प्रेशर

जळगावातल्या मेहरूणच्या अमृत चौधरींनी व्याह्यांच्या एका आंघोळीसाठी घरावर सोलर बसवला, तेव्हाच त्यांची बायको सुलक्षणा म्हणाली होती, "अहो, पातेलंभर पाणी मी गॅसवर तापवून दिलं असतं." पण ऐकतील ते अमृतराव कसले! त्यांना लेक रत्नाचं लग्न आपल्या दारातच लावायचं होतं. मुलाचे वडील छगनराव साक्रीहून मुक्कामी आले होते ते तेवढंच ठरवायला. ऐन थंडीतलं लग्न. वऱ्हाडाच्या आंघोळीची सोय पटली तर जळगाव, नाहीतर साक्री. (अमृतरावांनी मात्र ऑफिसात जेवणाचा बेतसुद्धा सांगून टाकला होता.)

म्हणून सोलर, सोलरला प्रेशर पंप, पंपाला प्रेशर दाखवणारा घड्याळासारखा काटा. शिवाय फाटकाजवळच्या महापालिकेच्या नळालाही त्याच लाइनचा जोड. "वऱ्हाडी दारातच गरम पाण्यानं पाय धुतील," असं त्यांनी फिटर अल्तमशला ऐटीत सांगितलं होतं.

आता जळगावात नळ काही रोज येत नाहीत. म्हणून शहाणा माणूस नळ उघडा सोडून खाली रिकामी बादली ठेवतो. पाणी आलं की बादली वाजते. अमृतराव शहाणे असल्यामुळे त्यांनी सकाळी उठल्याउठल्या फाटकाजवळ तेच केलं होतं.

छगनराव टॉवेल घेऊन बाथरूममध्ये शिरले. अमृतरावांनी पंपाचं बटण दाबलं. काटा जरासा वर चढला, थरथरला आणि खाली बसला.

आतून आवाज आला, "व्याही! साबन लायं नि पानी गयं!"

अमृतरावांनी अल्तमशला फोन लावला. तो होता फैजपूरला.

"भाऊ, घाबरू नका. घरातले सगळे नळ बंद करा. तरी काटा खालीच राहिला तर पाणी कुठंतरी जातंय."

अमृतराव स्वयंपाकघरात धावले, बेसिनकडे धावले, भिंतींवरून हात फिरवून ओल शोधू लागले.

"सगळे बंद?"

"सगळे!" (फाटकाजवळचा उघडा होता, पण तो पाणी येण्यासाठी उघडा ठेवलेला, जाण्यासाठी नव्हे. तो कसा मोजणार?)

"मग लाइनीत हवा धरली असेल."

तेवढ्यात फाटकाजवळची बादली वाजलेली ऐकून शेजारच्या सुंदरबाईंनी गल्लीतून नळ आल्याची आरोळी ठोकली, "नळ उनात वं!"

अमृतरावांनी फोन कानाला तसाच धरून फाटक गाठलं. बादली भरून वाहत होती.

"अहो, व्याही आत ताटकळलेत!" सुलक्षणा ओरडली.

"थांबतील गं! नळ काय थांबणार आहेत?"

सुंदरबाई हंडा घेऊन आल्या. "आमना नळले थेंब नही, भाऊ. तुमना पानीनी तं वाफ निंघी राह्यनी!"

अमृतरावांनी बोट बुडवून पाहिलं. खरंच कढत. "महापालिकेचं गरम पाणी? निवडणूक जवळ आली वाटतं," ते म्हणाले. गल्ली हंडे-कळशा घेऊन लोटली. अमृतरावांना मोठेपणाचं भरतं आलं. "घ्या, घ्या! आमच्या नळाला प्रेशर कसलं आहे बघा! ओ मागचे, ढकलू नका, नंबरनं या!"

मागचे म्हणजे छगनराव. टॉवेल गुंडाळून, डोळे मिटून, डोक्यावर फेस घेऊन ते पाण्याच्या आवाजाच्या रोखानं आले होते. सुंदरबाईंनी त्यांच्या हातात रिकामी बादली दिली.

"भाऊ, काटा काय म्हणतो?" फोनवर अल्तमश.

"शून्य."

"आणि तुमच्याकडे पाणी कसलं वाजतंय?"

"नळ आलेत रे. फाटकाजवळचा..." अमृतरावांनी नळाकडे पाहिलं, वाफेकडे पाहिलं, वर सोलरकडे पाहिलं आणि ते खाली बसले.

छगनरावांचा नंबर लागला. त्यांनी बादली पुढं केली. नळ दोनदा खोकला आणि गप्प झाला. सोलरची टाकी संपली होती.

छगनरावांनी एक डोळा कसाबसा उघडला.

"व्याही," ते शांतपणे म्हणाले, "लगीन साक्रीलेच करूत. आमनाकडे बंब शे."