काळ्या गाडीवरील पांढऱ्या डागांची हकीकत

श्रीचरणी मस्तक ठेवून, दुचाकी-चारचाकी सकळ वाहनांची राखण करणाऱ्या दैवतास नमन करून, अनामिक लिहिणाराने डोळां देखिले तैसे लिहिले, ते येणेप्रमाणे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, वैशाखमास. एक राज्य होते. नाव लिहीत नाही. लिहिले तर कमिटी नोटीस धाडते. राज्यात चार इमारती, एक बगीचा आणि एक बोअर, आणि बोअरचे पाणी ऐसे जड की डाळ शिजेना, साबणास फेस येईना आणि नव्या बादलीस आठ दिवसांत पांढरी कड चढे. त्या राज्यी भालचंद्रराव सबनीस आणि सौभाग्यवती सुलभाबाई नांदत होती. बाईंचे थोरले बंधू दादासाहेब कर्णिक कोकणात असत. त्यांचे गुडघे थकले, तेव्हा जिवापाड जपलेली काळी गाडी त्यांनी बहिणीस दिधली, आणि अट घातली ती ऐसी, "सुलू, एक डाग जरी दिसला तरी गाडी परत नेईन. मग डोळ्यांतनं पाणी काढायचं नाही." बाईंनी अठ्ठावन्नाव्या वर्षी लायसन काढिले, आणि मग भाजीस, भजनास, मैत्रिणीकडे कोणास न पुसता जाऊ लागल्या. तीस वर्षे "अहो, मला सोडता का?" म्हणण्यात गेली होती हो! आता बाई काच खाली करून राज्यातून निघत, आणि द्वारपाल उठोन सलाम करी. मोठे सुख जाहले.

परंतु सुखास दृष्ट लागली. कमिटीने बगीच्यात फवारा बसविला. फवाऱ्यास गवत दिसेना, गाडी तेवढी दिसे. रोज सकाळी बोअरचे पाणी गाडीवर पडे, आणि मग वैशाखाचे ऊन ते जागीच वाळवी, आणि पाणी उडोन जाई व चुना मागे राही. महिनाभरात काळ्या गाडीस देवी आल्यासारखे रूप जाहले. इतक्यात गुरुवारी दादासाहेबांचा खलिता मोबाइलवर आला, "रविवारी येतो. गाडी बघेन." बाईंची पाचावर धारण बसली. फोन करोन म्हणाल्या, "दादा, इथलं पाणी फार जड आहे रे." दादासाहेब बोलिले, "पाणी म्हणजे पाणी. आळशी माणसाला निमित्त लागतं!" आणि फोन ठेविला.

मग मसलत बसली. कोणी म्हणे राख लावा, कोणी म्हणे टूथपेस्ट, आणि भालचंद्रराव मोठ्या आवेशाने भांडी घासायची तारेची घासणी घेऊन निघाले. बाई आडव्या आल्या. "खबरदार! डाग जातील आणि रंगही जाईल. तुम्ही आपले पेपर वाचा." शेवटी तळमजल्याच्या इनामदारबाई, ज्यांनी छत्तीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकविले, त्या आल्या, आणि नखाने डाग खरवडोन बोलिल्या, "चुना आहे हा. आंबटाला भितो. निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी. गाडी सावलीत, पत्रा गार हवा. फडकं भिजवून दोन मिनिटं डागावर ठेवायचं, पुसायचं, लगेच धुवायचं. पण बोअरच्या पाण्यानं धुतलंत तर पहिले पाढे पंचावन्न!" तर मग पाणी कोठले? इनामदारबाईच म्हणाल्या, "एसीच्या नळीतनं गळतं ना, ते. त्यात चुना नसतो."

तेव्हा गुरुवार, शुक्रवार, शनिवार तीन दिवस अहोरात्र एसी चालविला आणि नळीखाली बादली मांडिली. वैशाखात भालचंद्रराव कानटोपी घालून, रजई पांघरोन बसले, आणि शिंकत शिंकत बादलीत डोकावून "अजून अर्धीच!" म्हणून कण्हत राहिले. आणि शनिवारी सायंकाळी गाडी सावलीत नेऊन बाईंनी एकेक डाग उतरविला, एसीच्या पाण्याने धुतला, मऊ फडक्याने कोरडा केला, वर मेण चोळिले आणि रात्री गाडी तेथेच, फवाऱ्यापासोन दूर, ठेविली. खांदे भरून आले, परंतु गाडी ऐसी जाहली की बाईंनी तीत पाहोन कुंकू नीट केले.

रविवारी ऐन दुपारी दादासाहेबांची स्वारी आली. चष्मा चढविला, टपापासोन चाकापर्यंत पाहिले, बोट फिरविले. डाग मिळेना. दादासाहेब बोलिले, "ठीक आहे. पण धूळ बसली आहे जरा. गाडी धुवायची कशी ते आज दाखवतोच तुम्हाला. पाइप आणा!" गाडी उन्हात घेतली. भालचंद्रराव "अहो दादासाहेब, थांबा, पाणी..." इतुके बोलिले, आणि मग त्यांस शिंक आली. दादासाहेबी बोअरचा पाइप धरोन गाडीस यथासांग स्नान घातिले, पुसणे म्हणजे रंगाचा अपमान ऐसे सांगितले, आणि गाडी तैसीच ओली सोडोन आमरसाचे जेवणास बसले. तीन वाट्या रस घेतला. वामकुक्षी जाहली. मग काठी टेकीत खाली आले, तो गाडीवर सगळीकडे पांढरे ठिपके!

दादासाहेबी बोटाने एक ठिपका चोळोन पाहिला, तो निघेना. बाई मागोन आल्या. त्यांचे एका हाती गाडीची किल्ली, दुसरे हाती व्हिनेगरची बाटली. बोलिल्या, "दादा, अट तुझी आणि डागही तुझेच. बोल, काय घेतोस?"

दादासाहेबी किल्लीकडे पाहिले, बहिणीकडे पाहिले, बाटली घेतली. मग हळूच पुसिले, "धुवायचं कशानं?"

भालचंद्ररावांनी कपाटातून दुसरी कानटोपी काढिली.

येणेप्रमाणे दादासाहेबांचा मुक्काम तीन दिवस लांबला, आणि दोघे साले-मेहुणे बादलीपाशी रजईत बसोन शिंकते जाहले. चौथे दिवशी गाडी लख्ख करोन दादासाहेब आपले गावी एस.टी.ने गेले, स्टँडावर सोडावयास सुलभाबाई स्वतः गाडी घेऊन गेल्या. अट पुन्हा कोणी काढिली नाही. फवारा अद्यापि गाडीकडेच तोंड करोन आहे. कमिटीस अर्ज दिला आहे. इति.