मालक ठेवायची जागा

माझ्या गाडीची किल्ली दर रविवारी एकटीच समुद्रात बुडी मारायला जाते आणि जाताना मला पुढच्या चाकामागे ठेवून जाते. तिच्या बुडी मारण्याला माझी हरकत नाही. तिला हौस आहे, तिने ती भागवावी. माझी हरकत जागेला आहे.

गाडीचा मालक शोधायला निघालेला कुणीही आधी पुढच्या चाकामागेच बघतो. हे शेंबड्या पोरालाही कळतं. किनाऱ्यावर शहाळी विकणाऱ्या मयेकरबाईंकडे मला ठेव, असं मी किल्लीला परोपरीने सांगून पाहिलं.

"म्हणजे मालक कुठे आहे ते गावभर झालं," ती म्हणाली.

"मग सोबत ने."

"आणि पाणी शिरलं म्हणजे? तुम्ही आतून नाजूक. एकदा भिजलात की बंद पडाल, मग वाळवूनही उपयोग नाही."

"निदान जोडीला कुणी घे. एकट्याने बुडी मारू नये म्हणतात. तुला काही झालं तर मला न्यायला कोण येणार?"

"घरी दुसरी किल्ली आहे ना," ती म्हणाली आणि पाण्यात शिरली.

मी गुडघे पोटाशी घेऊन चाकामागे बसलो. संताप संताप झाला, पण हललो नाही. ठेवलेला मालक जागचा हलला की सापडत नाही, आणि बोल ठेवणारीला लागत नाही, मालकालाच लागतो.

मयेकरबाईंना मी दिसलोच. "आज पण थंयच ठेवल्यान?" त्या म्हणाल्या. "मालक चोरणारी एक किल्ली फिरता हयसर. गेल्या आयतवारी त्या लाल गाडयेचो मालक न्हेल्यान. बरो इंजिनीर होतो."

मला भीती वाटली, आणि त्याहून जास्त राग आला. भरतीचं पाणी वर चढत होतं आणि माझ्या किल्लीचा पत्ता नव्हता.

दुसरी मात्र आली. स्कूटरची, गंजलेली, बिनमालकाची. इकडेतिकडे न बघता ती थेट पुढच्या चाकामागे आली. मी म्हणत होतो ते हेच. तिने मला कॉलर धरून उन्हात ओढलं, उभं केलं, दात पाहिले, पाठीकडूनही एकदा पाहून घेतलं.

"ह्यो?" ती मयेकरबाईंना म्हणाली. "ह्येका न्हेवन काय करू?"

आणि मला होतं तसं पुन्हा चाकामागे ठेवून ती निघून गेली.

माझे गुडघे शाबूत आहेत. लायसन्स चालू आहे. आजवर मी कुणाच्या गाडीला साधा ओरखडा काढलेला नाही. त्या इंजिनीअरमध्ये असं काय होतं, हे मला तिला विचारायचं होतं. पण जागा सोडायची नव्हती.

माझी किल्ली निथळत आली. "आहात ना जागेवर? उगाच काळजी करता," ती म्हणाली. पाणी कसं होतं, एवढंच मी विचारलं. मयेकरबाईंनी मात्र शहाळं तासता तासता तिला सगळं सांगितलं. किल्लीने शांतपणे ऐकून घेतलं. ती हसली असती तर मला एवढं लागलं नसतं.

पुढच्या रविवारी तिने मला बॉनेटवर ठेवलं. भर उन्हात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. आजूबाजूला कोण आहे हे पाहायचेही कष्ट न घेता ती पाण्याकडे चालू लागली.

"अगं," मी मागून हाक मारली, "निदान चाकामागे तरी ठेव."