बाहेर एकच नाव

मन्मथअप्पा राऊटरला शिव्या देतात. मनातल्या मनात नव्हे. समोर खुर्ची टाकून, बोट नाचवून, गिऱ्हाइकांच्या देखत. "चोरा, नुसता दिवा लुकलुकवू नको, जवाब दे!"

अहमदपूरच्या मोंढ्यात त्यांचं सरकी पेंडीचं दुकान आहे. त्यांचं म्हणजे, पाटीवर 'शिवलिंगप्पा ट्रेडर्स' आहे. शिवलिंगप्पा हे थोरले भाऊ. गुडघे गेल्यापासून ते लातूरला मुलाकडे असतात. तिथं बसून मोबाइलवर दुकानातला कॅमेरा बघायचा, अशी त्यांची इच्छा. त्यासाठी राऊटरमध्ये एक नियम घालायचा होता, म्हणून मला बोलावलं. दुकानादुकानांत वायरी ओढून ही यंत्रं लावणं हाच माझा धंदा. चहा निवायच्या आत व्हावं एवढंच काम, पण अख्खी सकाळ गेली.

मी समजावायला गेलो, तिथंच घोटाळा झाला. म्हटलं, "अप्पा, आत कॅमेरा, बिलाचा कॉम्प्युटर, प्रिंटर आणि तुमचा मोबाइल. पण बाहेरच्यांना फक्त राऊटरचा पत्ता दिसतो. सगळे त्याच्याच नावानं बाहेर जातात. बाहेरून कुणी आलं, तर त्याला कुणाकडं धाडायचं ते आपण नियम घालून सांगायचं."

अप्पा ताडकन उठले. "म्हंजे राबायचं चौघांनी अन् नाव एकट्याचं? इन्साफ हाय का ह्यो?"

"अप्पा, मशिनी आहेत त्या."

"मशिनी हायत म्हून काय बी करावं का?"

लगेच इंटरनेट कंपनीला फोन. प्रत्येकाला वेगळा पत्ता द्या! पलीकडची पोरगी म्हणाली, जादा पैसे पडतील. "नावाला पैसे? आमच्यात बारशाला नाव फुकट ठेवतेत, वर घुगऱ्या वाटतेत!" तेवढ्यावर थांबतील तर अप्पा कसले! शेजारच्या आडत्याला बोलावून त्यालाही हा अन्याय ऐकवला. तो बिचारा 'हाव, हाव' करत निसटला. माझं मात्र डोकं फिरलं. तिकडं दुसरं गिऱ्हाईक माझ्या नावानं बोंबलत होतं आणि मी इथं प्रिंटरच्या हक्कांवरचं भाषण ऐकत बसलो होतो.

इतक्यात लोह्याकडचा एक शेतकरी आत आला. "शिवलिंगप्पा, दोन पोती द्या."

"हाव, घ्या की," अप्पा म्हणाले आणि पोती काढायला गेले.

तो गेल्यावर मी म्हटलं, "अप्पा, तो तुम्हाला शिवलिंगप्पा म्हणाला."

"समदेच म्हणतेत. पाटीवर हाय ते."

"मग सांगायचं ना, मी धाकटा म्हणून!"

"किती जणांला सांगत बसू?"

प्रिंटरसाठी घसा फोडणारा माणूस स्वतःच्या नावाबद्दल चकार शब्द काढत नाही! मला असा संताप आला, की शिडी मागवून ती पाटी उतरवावीशी वाटली.

दात-ओठ खात मी नियम भरायला घेतला. नियमाला ओळखीसाठी एक नाव द्यावं लागतं. विचारलं, "काय देऊ?"

अप्पांनी दाराकडं एकदा बघून घेतलं. मग हळूच म्हणाले, "माझं दिलं तर चालतंय का?"

"चालतं की."

"दादाच्या मोबाइलवर दिसंल?"

"नाही. हे राऊटरच्या आतल्या आतच राहतं."

"बघ बरं का. त्याला लई वाईट वाटंल. बापामागं त्यानंच सांभाळलंय मला."

"नाही दिसणार, अप्पा."

त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"मग लिही," ते म्हणाले. "मन्मथ. पूर्ण लिही."