फुटाला पाच इंच

आमच्या भिवा मिस्तरींना कुणी 'कसं काय?' विचारलं, की ते 'फुटाला पाच इंच' म्हणायचे आणि पुढं चालू पडायचे. नवा माणूस तोंडाकडं बघत राहायचा.

खुलासा करतो. शेजारी-शेजारी निघालेल्या दोन नळांना मधे झाड आडवं आलं, की दोन्ही अर्ध्या काटकोनात तिरके वळवावे लागतात. एकाच जागी वळवले, तर पुढं दोघांतलं अंतर कमी होतं. म्हणून वळणाच्या आतला आधी वळवायचा, बाहेरचा थोडा पुढं जाऊन. किती पुढं? अंतर फूटभर असलं तर पाच इंच. येलदरीला धरणावर शिकलेल्या या एका हिशेबावर मिस्तरींनी जिंदगी काढली. एकदा झरीच्या बाजारात मेंढरांचे दोन कळप एकदम वळले, तर हे मेंढपाळाला समजावत बसले. आमची एसटी गेली. दोघं चालत आलो आणि वाटभर मी त्यांना शिव्या घातल्या.

ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. एका गावात आम्ही नळयोजनेवर होतो, मी देखरेखीला. एक नळ गावाला, दुसरा बौद्धवाड्याला, मधे फूटभर अंतर. मिस्तरी स्वतः बौद्ध. सरपंच चार माणसं घेऊन आले आणि म्हणाले, त्यांचा नळ आमच्या नळाला खेटून नको, लांबून न्या. मिस्तरींनी माझ्याकडं बघितलं. नकाशा माझ्या हातात होता आणि मी सरपंचांच्याच जातीचा. 'नकाशात फूटच हाय' एवढं म्हणलो असतो तरी पुरलं असतं. मी नकाशाची घडी घातली.

मिस्तरी शांतपणे म्हणाले, "सहा फूट करू? तीस इंच पुढं वळवावा लागंल. टाकी तेवढी एकच ऱ्हाऊ द्यायची, का तिलाबी मधून भिंत घालू?"

कुणी हसलं नाही. नळ सहा फुटांवरून गेला.

दुपारी लिंबाखाली डबे सोडले. मिस्तरी हातभर लांब बसले. बारा वर्षं ते असेच बसायचे, आणि मी अक्कलशून्य माणूस, त्याला त्यांचा मोजमापाचा नाद समजायचो. त्या दिवशी मी म्हणलो, "मिस्तरी, इकडं सरका. तुमच्यातली भाकर द्या की."

त्यांनी डबा पुढं धरला. भाकरी चार होत्या, माणूस तीन खाणारा.

"ही चौथी तुमच्या नावाची, पाटील. बारा वर्षं रोज आणायलोय. कवा तरी मागताल वाटायचं." मग त्यांनी झाकण लावलं. "आज नका मागू."

डबा उचलून ते बौद्धवाड्याकडं जेवायला गेले. मी हाक मारायला पाहिजे होती. तीही मारली नाही.