चार अँटेना आणि उजवा गाल

इसाकभाईंच्या अँटेनावर मी ओला टॉवेल वाळत घातला. अज्ञान, दुसरं काय! पाच मिनिटांत गच्चीवरून हाक आली, "गुरुजी, तुमच्या टॉवेलापायी माझ्या नातीचा उजवा गाल गेला!"

राउटरच्या डबीतलं इंटरनेट भोरात नुकतं आलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. इसाकभाई आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. अख्खी नोकरी भाटघर धरणावर, बिनतारी यंत्रात पाण्याची पातळी ओरडून सांगण्यात गेलेली. अमीनाभाभी गेल्यापासून एकटेच. लेक मस्कतला. दर रविवारी ती आणि नात कॉम्प्युटरवर दिसत, पण हप्त्याहप्त्यानं. आधी कान, मग नाक. म्हणून त्यांनी त्या डबीला एकाच्या जागी चार अँटेना जोडले. त्यातला एक चक्क पुरणाच्या चाळणीचा.

"एकाच वाटंनं सगळा माल धाडला की गर्दी व्हती," ते सांगत. "चार वाटा करायच्या, थोडा थोडा धाडायचा. फकस्त तिकडं जोडणारा शहाणा पायजे."

हे शास्त्र ते सगळीकडे लावत. गिरणीत दळण एकाबरोबर जाई, डब्याचं झाकण दुसऱ्याबरोबर.

एकदा माझा आणि हिचा अबोला चालू होता. पाहुण्यांदेखत मी हिच्या आमटीला पातळ म्हणालो होतो. चौथ्या दिवशी, शनिवारी दुपारी, इसाकभाईंनी जिन्यात माझ्या हातात चिठ्ठी कोंबली: 'रविवारी नात दोघं'. लेकीला जुळं झालं, असा मी अर्थ लावला आणि पेढे आणायला गेलो. सहाला परततो, तर ही दारात बूट घालून उभी.

"हे पेढे कसले?" चार दिवसांतलं तिचं पहिलं वाक्य.

"तू कुठं निघालीस?"

तिनं तिची चिठ्ठी दाखवली: 'सहाला चालणार या'. म्हातारबाबांना डॉक्टरांनी चालायला सांगितलं असेल, सोबत हवी असेल, असं तिला वाटलेलं.

दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून एकेक शब्द आळीपाळीनं वाचला. रविवारी सहाला नात चालणार, दोघं या.

रविवारी आम्हाला एकत्र बघून इसाकभाई हसले. "जोडली व्हय, वहिनी? चार दिस खालनं नुसता भांड्यांचाच आवाज येत हुता."

सहाला पडदा उजळला. नात आख्खी आली, दोन्ही गालांसकट. तिनं एक पाऊल टाकलं, दुसरा पाय उचलला, आणि चित्र तसंच थिजलं. इसाकभाई दोन्ही हात पुढं करून पडद्यासमोर वाकलेले.

"हात खाली घ्या, इसाकभाई," मी म्हणालो. "चित्र थांबलंय."

"आसू द्या. सुरू झालं आन् पडली तर?"

 जिना उतरताना ही म्हणाली, "टॉवेल उद्यापासनं घरात वाळवा. आणि अबोला धरायचाच झाला, तर सोमवारी धरू. रविवारी आपल्याला वर जायचं असतं."